तुम्ही विचारलंत म्हणून: अमावास्येला मी कुठं पळतो

अमावास्या जवळ आली की ऑफिसात कुणीतरी विचारतंच, "काय, निघालात का? कोल्हापूरचा माणूस, सारखा समुद्रावर काय करतोय?" आपल्याकडं अमावास्येला गर्दी आदमापूरला बाळूमामांकडं, आणि मी गगनबावडा उतरून मालवण गाठतो, त्यामुळं शंका येणारच म्हणा.

कारण साधं आहे, ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत राहिलेले जीव बघायचे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, म्हणून भरती मोठी आणि ओहोटीपण लई लांब जाते, एरवी पाण्याखालचे खडक उघडे पडतात. खळग्यांत परातीएवढी डबकी राहतात. त्यात पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही, आपली सावली पाण्यावर पडू न देता उकिडवं बसून राहायचं, मग दगडाचा एक तुकडा सरकतो आणि कळतं अरे हा तर मासा, बोटाएवढा! जेलीचा गोळा वाटतो ते समुद्रफूल, पाण्यात फुलतं, उघड्यावर मिटतं.

आणि शंख चालायला लागला की आत खेकडा. यानंच माझी इज्जत काढली. पहिल्या ट्रिपला रिकामा समजून एक शंख डब्यात टाकला, परत येताना कणकवलीत चहाला थांबलो तर बॅगेत खरखर. या खेकड्याचं मागचं अंग मऊ, म्हणून दुसऱ्याचा रिकामा शंख घालून फिरतो, वाढला की मोठा शोधतो. गाडी वळवली. मालवणपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून रिकामा शंखसुद्धा उचलत नाही, कुणाचं तरी पुढचं घर असतं ते.

स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क लावून नळीनं श्वास घेत पाण्याखाली बघणं, नंतर सुरू केलं, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. पंचगंगेत उड्या मारून शिकलेलं पोहणं तिथं उपयोगाचं नाही, नुसतं पालथं पडून तोंडानं श्वास घ्यायचा, आणि मी नेमका नाकानं ओढायला गेलो, मास्क नाकाला चिकटला, घाबरून नळी सोडली, पोटभर खारं पाणी. दुसऱ्या खेपेला जमलं. पट्टेरी मासे अगदी हाताजवळून गेले. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तरी लोक फोटोसाठी प्रवाळावर उभे राहतात, जिवंत असतंय ते, डोकं फिरतं बघून.

यायचं असेल तर जुने बूट घाला, खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे धारदार शिंपले, तळवा फाडतात. आणि निघताना बायको बॅग तपासते. तुमचीपण तपासेल.