टाइमआउट = 0

सपोर्ट विभागाकडून आलेल्या तक्रारीत त्या सकाळी एक वाक्य असे होते: "ज्या मशीनची आम्ही सर्वांत जास्त काळजी घेतली, तीच सर्वांत आधी पडली." तक्रार करणारे गृहस्थ एका संस्थेचे सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होते आणि त्यांची लिहिण्याची पद्धत पाहता अतिशयोक्ती करणाऱ्यांतले ते वाटत नव्हते. त्यांनी घटनाक्रम वेळेसह लिहून पाठवला होता, लॉग जोडले होते आणि शेवटी आमच्या मार्गदर्शिकेतील एक ओळ जशीच्या तशी उतरवली होती. ती ओळ मी लिहिलेली होती.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक, चालवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्क स्टोरेजच्या पर्यायांची आखणी माझ्याकडे आहे. ती मशीन प्रत्यक्ष चालवण्याचे काम क्यूएमयू हा प्रोग्राम करतो. आमचा थर वापरकर्त्याची कॉन्फिगरेशन फाइल वाचतो आणि तिच्यावरून क्यूएमयूला, तसेच होस्टवरील (ही मशीन ज्या खऱ्या संगणकावर चालतात त्यावरील) लिनक्सला, लागणारे पर्याय तयार करून देतो. मशीनची डिस्क नेटवर्कवरच्या स्टोरेज सर्व्हरवरून तीन मार्गांनी येऊ शकते: एनबीडी किंवा आयस्कझी (दोन्ही अख्खी डिस्क देणारे) किंवा एनएफएस (फाइली देणारा). वापरकर्त्याला या तिन्हींतला फरक जाणवू नये, अशी माझी धारणा होती आणि तिच्यापायीच मी तिघांना मिळून वाट पाहण्याची मुदत सांगणारा 'टाइमआउट' नावाचा एकच पर्याय ठेवला होता.

या विभागावर मी मेहनत घेतली नव्हती असे नाही. पूर्वी सर्व्हरचा पत्ता, पोर्ट आणि एक्स्पोर्टचे (सर्व्हरने देऊ केलेल्या डिस्कचे) नाव हे सगळे अपूर्णविरामांनी जोडून एकाच ओळीत लिहिले जाई. आयपीव्ही6 च्या पत्त्यात मुळातच अपूर्णविराम असल्यामुळे पत्ता कुठे संपला आणि पोर्ट कुठे सुरू झाला हे कळेनासे होई. ते मी मोडून तीन स्वतंत्र रकाने केले. आयस्कझीचा पासवर्ड कमांड लाइनवर जात असे आणि होस्टवर चालू प्रोग्राम दाखवणारी 'पीएस' ही आज्ञा चालवणाऱ्या कोणालाही तो दिसत असे. तो काढून वेगळ्या फाइलमध्ये नेला. एवढी सगळी झाडलोट करताना 'टाइमआउट' हा निरुपद्रवी वाटणारा आकडा मात्र जागचा हलला नाही. त्याचे डिफॉल्ट 30 होते, कारण लिनक्समध्ये स्कझी (डिस्कशी बोलण्याची एक प्रमाणित पद्धत) डिस्कच्या कमांडची मुदत मुळात 30 सेकंद असते आणि तोच आकडा मला सोयीचा वाटला होता.

घडले ते असे. त्या संस्थेत रात्री स्टोरेज सर्व्हर नियोजित देखभालीसाठी रीस्टार्ट करायचा होता आणि त्याला पाऊण मिनिट लागेल असा अंदाज होता. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांनी आमची मार्गदर्शिका उघडली. तिच्यात लिहिले होते: "0 दिल्यास मर्यादा नाही." त्यांनी डेटाबेसची सर्व महत्त्वाची मशीन निवडून त्यांना 0 दिला, ती नव्या पर्यायासह पुन्हा सुरू केली आणि उरलेल्या मशीनवर 30 तसाच राहू दिला. सर्व्हर 48 सेकंद बंद राहिला. 0 दिलेली मशीन पहिल्याच सेकंदाला कोसळली, एनएफएसवरची त्यानंतर काही सेकंदांनी आणि बाकीची तिसाव्या सेकंदाला. गेस्टच्या (म्हणजे आतल्या आभासी मशीनच्या) कन्सोलवर एक्स्ट4 या फाइलसिस्टिमची "रीमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली" (आता फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही) ही ओळ एकामागून एक उमटत गेली. स्टोरेज परत आले तरी फाइलसिस्टिम आपणहून लिहिती झाली नाही, कारण एकदा त्रुटी मिळाल्यावर तसे होणे तिच्या स्वभावात नाही.

मी आमचा कोड उघडून तिन्ही मार्गांनी तो आकडा कुठे जातो ते पाहिले. एनबीडीमध्ये तो क्यूएमयूच्या 'रीकनेक्ट-डिले' या पर्यायात जात होता. संपर्क तुटल्यावर तेवढे सेकंद विनंत्या थोपवून धरायच्या आणि त्यानंतर त्या नाकारायच्या, असा त्याचा अर्थ. त्यामुळे तिथे 0 म्हणजे क्षणभरही न थोपवणे. आयस्कझीमध्ये तो लिनक्सवरील ओपन-आयस्कझी या प्रोग्रामच्या 'रिप्लेसमेंट-टाइमआउट'मध्ये जात होता. त्याचे मूळ डिफॉल्ट 120 सेकंद आहे, 0 दिल्यास विनंती लगेच अपयशी ठरते आणि अमर्याद वाट पाहायची असेल तर शून्याहून लहान आकडा द्यावा लागतो. एनएफएसचा माउंट (जोडणी) आम्ही 'सॉफ्ट', म्हणजे काही प्रयत्नांनंतर हार मानणाऱ्या, पद्धतीने करत होतो आणि आकडा 'टायमिओ'मध्ये भरत होतो, ज्याचे एकक सेकंद नसून सेकंदाचा दहावा भाग आहे. आमचे 30 तिथे 3 सेकंद होत होते. एवढ्या वेळाने पहिला पुनर्प्रयत्न, त्यानंतर आणखी एखाद-दुसरा आणि मग थेट त्रुटी.

"0 म्हणजे मर्यादा नाही" हे वाक्य मी कशावरून लिहिले, हे जुन्या नोंदी चाळूनही मला सापडले नाही. बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी पर्यायात 0 चा तो अर्थ होता आणि सगळीकडे तसाच असेल असे मी गृहीत धरले. शून्य या बाबतीत फार फसवे आहे. वाचणाऱ्याला ते 'काहीच नाही' असेही वाटते आणि 'बंधन नाही' असेही.

मी तातडीचा पॅच लिहायला घेतला: एनएफएससाठी दहाने गुणणे, आयस्कझीसाठी 0 चे उणे एक करणे, एनबीडीसाठी 0 च्या जागी एखादा प्रचंड आकडा घालणे. चाचणी पाहणाऱ्या माझ्या सहकारी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "हे ठीक आहे, पण मार्गदर्शिकेत काय लिहिणार? टाइमआउट म्हणजे काय, ते 'किंवा' न वापरता एका वाक्यात सांगा." मी फळ्यापाशी गेलो. "सर्व्हरशी जोडणी होण्यासाठी थांबण्याची मुदत, किंवा..." इथेच अडकलो. पुसून लिहिले, "जोडणी तुटल्यावर विनंत्या थोपवण्याची मुदत," तर मुदत संपल्यावर काय होते हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर त्याच आकड्यात मावत नव्हते. दहा-पंधरा मिनिटे हेच चालले आणि मग मी पॅच बाजूला ठेवला.

दुपारभर आमची चर्चा झाली ती मुख्यतः त्या शेवटच्या प्रश्नावर. क्यूएमयूच्या 'ड्राइव्ह' पर्यायात लिहिताना आलेल्या त्रुटीसाठी 'वेरर' आहे आणि त्याचे डिफॉल्ट असे की जागा संपली तर मशीन थांबवायचे, अन्य कोणतीही त्रुटी गेस्टला कळवायची. त्याला 'स्टॉप' दिल्यास कोणत्याही त्रुटीवर मशीन गोठते, अपुरी विनंती सांभाळून ठेवली जाते आणि मशीन पुढे चालू केल्यावर ती पुन्हा पाठवली जाते. गेस्टला मधला काळ गेल्याचे कळतही नाही. त्या रात्री 'स्टॉप' असते, तर एकही फाइलसिस्टिम बिघडली नसती. सहकारी म्हणाल्या, "मग सर्वांना तेच देऊन टाका, पर्याय कशाला?" मलाही तो मोह झाला होता. पण एखादा डेटाबेस दोन मशीनवर चालत असेल आणि एक अडखळले की दुसऱ्याने लगेच सूत्रे हाती घ्यावीत अशी रचना असेल, तर गोठलेल्या मशीनपेक्षा चटकन मिळालेली त्रुटी कितीतरी बरी. हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती आमच्याकडे कधीच नसते, ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे असते. म्हणून हा प्रश्न त्यांना विचारलाच पाहिजे, असे ठरले.

नव्या आखणीत 'टाइमआउट' उरला नाही. जोडणीची मुदत, थोपवण्याची मुदत आणि त्यानंतरची कृती असे तीन पर्याय झाले आणि दोन्ही मुदतींच्या नावातच 'सेकंद' आले. अमर्याद थांबायचे असेल तर आकडा नव्हे, 'कायम' या अर्थाचा शब्द लिहावा लागतो. त्रुटीवरच्या कृतीचे डिफॉल्ट 'थांबवा' ठेवले आणि स्टोरेज परत आल्यावर मशीन पुढे चालू करण्याचे काम आमच्या सॉफ्टवेअरने अंगावर घेतले. सर्वांत जास्त वाद एनएफएसवर झाला. 'हार्ड' माउंट अखंड प्रयत्न करत राहतो आणि 'सॉफ्ट' माउंटमध्ये मुदत संपली तर डेटा नकळत बिघडू शकतो. म्हणजे "300 सेकंद थोपवा" हे एनएफएसला प्रामाणिकपणे सांगताच येत नाही. मी जवळचा काही अर्थ लावून काम चालवू म्हणत होतो. सहकारी अडून बसल्या: जे पाळता येत नाही ते मशीन सुरू होतानाच नाकारायचे. शेवटी त्यांचेच झाले आणि ते योग्यच होते. जुनी फाइल आली तर 'टाइमआउट'चे गुपचूप भाषांतर करायचे नाही, मशीन सुरूच करायचे नाही, हेही त्यांनीच लावून धरले.

नवी आवृत्ती गेल्यावर त्या संस्थेत पुन्हा एकदा देखभालीची रात्र आली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांचा फोन आला तो कुरकुरतच: एनएफएसवरची दोन मशीन सुरूच होत नाहीत, पडद्यावर "या मार्गाने थोपवण्याची मर्यादा पाळता येत नाही, 'कायम' लिहा किंवा मार्ग बदला" असे येते आहे. त्यांनी 'कायम' लिहिले, मशीन सुरू झाली. फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारले, "आणि आता शून्य दिले तर?" मी म्हटले, "आता शून्य आम्ही स्वीकारतच नाही." "ते मार्गदर्शिकेत लिहिलंय?" त्यांनी विचारले. लिहिलेले नव्हते. त्या रात्री त्यांचा सर्व्हर बंद होण्याआधी मी ते लिहून टाकले.