पोटरी दाबली आणि कळलं

पावसाने चार दिवस उसंत घेतली नव्हती. कॅज्युअल्टीत तापाच्या पेशंटची रीघ लागलेली. रात्री साडेअकराला एक तिशीतला तरुण बायकोच्या खांद्यावर भार टाकून आत आला. चार दिवस ताप, उलट्या, अंग ठणकतंय. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह, म्हणून घरचे निर्धास्त होते. पावसाळ्यात मला या निर्धास्तपणाचीच भीती वाटते.

डोळे लालभडक होते, पण चिपडं नाहीत की पाणी नाही. डोळे आले म्हणावं तर तसेही नाहीत. पोटरी हलकेच दाबली तर तो कळवळून उठूनच बसला.

"साचलेल्या पाण्यातून चालला होतात?"

"रोजचंच आहे, डॉक्टर. घरोघर पार्सल पोचवतो ना."

बायको म्हणाली, "दहा दिवसांपूर्वी गाडी बंद पडली, तर कमरेइतक्या पाण्यातून तासभर ढकलत आणली यांनी."

चादर सरकवली. अंगठ्याजवळ चपलेने घासून झालेली जखम, कडा भिजून पांढऱ्या पडलेल्या. उंदराच्या लघवीतले लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू साचलेल्या पाण्यातून अशाच वाटेने अंगात शिरतात. ताप यायला बहुतेक वेळा 5 ते 14 दिवस जातात, तोवर ते पाणी कुणाच्या लक्षात राहतं?

"लघवी कधी झाली?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "सकाळी... थोडीशी."

क्रिएटिनिन 4.1, म्हणजे किडनी दमलेली; प्लेटलेट 38 हजार, फारच कमी. अँटिबॉडीची तपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे रिपोर्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता. सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक आणि सलाइन लगेच सुरू केलं, डायलिसिसवाल्यांना कळवून ठेवलं.

मग रात्रभर लघवीच्या पिशवीवर नजर. दोन वाजता 20 मिलि, कोऱ्या चहासारखी गडद. चारला 30. बायको दर वेळी विचारायची, "वाढली का?" सहाला 90 झाली, तेव्हा मीच तिला हाक मारून दाखवली.

डायलिसिस लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तो नीट बोलू लागला. मी म्हटलं, तुमच्यासोबत पाण्यात उतरणारे आणखी कोण आहेत? त्याने पडल्या पडल्या फोन लावला. "अरे, पायाला काही लागलंय का बघा रे. लगेच या."

संध्याकाळी चौघं आले, रेनकोटातून पाणी निथळत असलेले. बाकावर बसून त्यांनी एकेक पाऊल पुढे केलं.