तुम्ही विचारलंत म्हणून : अडीचशे अश्वशक्तीत असे काय आहे?

गाड्यांचा विषय निघाला की मला एक प्रश्न हटकून विचारला जातो. काही कौटुंबिक एसयूव्हीसुद्धा हल्ली साडेचारशे-पाचशे अश्वशक्ती देतात, मग जेमतेम अडीचशे अश्वशक्तीच्या, दोनच माणसे बसतील अशा छोट्या स्पोर्ट्स कारचे एवढे कौतुक कशासाठी? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा फ्रान्समधली आल्पीन ए११० असते, कारण तिची बाजू मी नेहमी घेतो. म्हणून उत्तरही तिच्याच आधाराने देतो.

२०१७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलेल्या या गाडीचे इंजिन १.८ लिटरचे, चार सिलिंडरचे आणि टर्बोचे आहे. ते २५२ अश्वशक्ती देते आणि गाडीचे वजन १,१०३ किलो भरते. भागाकार केला तर टनामागे सुमारे २२८ अश्वशक्ती पडतात. आता दोन टनांची, ४५० अश्वशक्तीची एखादी दणकट गाडी घ्या. तिचा भागाकार २२५ येतो. म्हणजे सरळ रस्त्यावर वेग पकडण्यात दोघींत फारसा फरक उरत नाही, आणि ए११० शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग साडेचार सेकंदांत गाठते ती याच हिशोबाने. इथपर्यंत प्रश्न विचारणाऱ्याचे म्हणणे खोडून निघत नाही. कोणी म्हणेल की वजन वाढले तर इंजिन मोठे बसवावे, बरोबरी साधतेच की.

ती बरोबरी पहिल्या ब्रेकला मोडते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ए११० मधली गतिज ऊर्जा सुमारे ४२५ किलोज्यूल असते, तर दोन टनी गाडीतली ७७० किलोज्यूलच्या आसपास, आणि थांबताना ती सगळी ब्रेकच्या डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन जिरावी लागते. वळणावरही तेच घडते. गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने वळायचे तर हलक्या गाडीच्या चार टायरांना मिळून सुमारे ११ हजार न्यूटन बल पेलावे लागते आणि जड गाडीच्या टायरांना साडेएकोणीस हजारांच्या वर. यावर रुंद टायर हा उपाय सुचतो, पण रबराचा स्वभाव इथे आडवा येतो. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून जड गाडीला भाराच्या प्रमाणापेक्षाही जास्त रबर लागते, त्या रबराला मोठी चाके लागतात, मोठ्या चाकांना धरून ठेवायला जाड भुजा आणि कडक स्प्रिंगा लागतात, आणि या सगळ्यांचे वजन पुन्हा गाडीवरच येते. इंजिन मोठे करून वजनावर मात करता येते ती फक्त सरळ रेषेत.

आल्पीनच्या अभियंत्यांनी हे चक्र उलट दिशेने फिरवले. सांगाडा आणि बाहेरचे पत्रे जवळजवळ सगळे अॅल्युमिनियमचे आहेत, हे कोणत्याही माहितीपत्रकात सापडेल. मला त्याहून बोलका वाटतो तो मागचा ब्रेक. अशा गाड्यांच्या मागच्या चाकांवर पुष्कळदा मुख्य कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) जोडीला हँडब्रेकसाठी आणखी एक छोटा कॅलिपर बसवलेला असतो. ब्रेक बनवणाऱ्या ब्रेम्बो कंपनीने या गाडीसाठी दोन्ही कामे एकाच कॅलिपरकडून करून घेतली आणि अडीच किलो वाचले. साबेल्ट कंपनीच्या एकसंध सीटचे वजन प्रत्येकी १३.१ किलो ठेवले आहे. अडीच किलोंसाठी नवा कॅलिपर घडवणे हा हिशोबनीस लोकांना वेडेपणा वाटेल, पण शंभर-दीडशे किलो एका जागी कधीच सापडत नाहीत. ते असेच चिमटीने वेचावे लागतात.

वेचलेल्या वजनाचा खरा लाभ सस्पेन्शनला झाला, आणि या गाडीतला माझ्या मते सर्वांत देखणा विचार तिथेच आहे. चारही चाकांना डबल विशबोन आहेत, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली असलेल्या दोन भुजांनी धरलेले आहे. स्वस्तात आणि कमी जागेत बसणारा मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे खाली भुजा आणि वरच्या भुजेऐवजी स्प्रिंगचा उभा खांब, वापरला तर वळणावर गाडी कलताच बाहेरचे चाकही तिच्याबरोबर कलते आणि टायर कडेवर टेकू लागतो. मग गाडी कलूच नये म्हणून कडक स्प्रिंगा आणि जाड अँटी-रोल बार घालावे लागतात, आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. दोन भुजांची लांबी आणि कोन नीट निवडले तर गाडी कलली तरी टायर रस्त्यावर बराचसा सपाट राहतो. मग कलायला भिण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे ए११० च्या स्प्रिंगा मऊ आहेत, ती वळणावर दिसेल इतकी कलते आणि खडबडीत रस्त्यावर चाके उसळण्याऐवजी जमीन धरून राहतात. ‘स्पोर्ट्स कार म्हणजे कडक कार’ ही समजूत घेऊन बसणाऱ्याला पहिल्या वळणावर ही गाडी ढिली वाटते, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत ती काय सांगते आहे हे हातांना कळू लागते.

वजन किती याइतकेच ते कुठे ठेवले आहे याला महत्त्व आहे. इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे आहे, इंधनाची टाकी पुढच्या बाजूला आहे, आणि एकूण वजन पुढे ४४ टक्के, मागे ५६ टक्के असे वाटले गेले आहे. दिशा बदलताना गाडी स्वतःभोवती फिरते आणि त्या फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. मध्यापासून दोन मीटरवर ठेवलेले दहा किलो एका मीटरवरच्या चाळीस किलोंइतके जड पडतात. नाकात इंजिन असलेली गाडी म्हणूनच स्टिअरिंग फिरवल्यावर किंचित विचार करून वळते आणि मध्यात इंजिन असलेली लगेच वळते. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जी गाडी झटकन फिरायला लागते ती हातातून सुटली तर तितक्याच झटकन गरगरते, आणि वळणाच्या मध्यावर घाबरून अॅक्सिलरेटर सोडणाऱ्याला ती फार काळ माफ करत नाही.

हलकेपणा हेच सर्वस्व असते तर अल्फा रोमिओची ४सी ही छोटी स्पोर्ट्स कार या स्पर्धेत सहज जिंकली असती. तिचा मधला सांगाडा कार्बन फायबरचा, अवघ्या ६५ किलोंचा, इंधन आणि इतर द्रव वगळता गाडीचे वजन ८९५ किलो, इंजिन २४० अश्वशक्तीचे. कागदावर ती ए११० च्या पुढे आहे, आणि तरीही शून्य ते शंभरची तिची वेळ तीच, साडेचार सेकंद. मात्र मागे तिने स्ट्रटच ठेवले आणि स्टिअरिंगला कसलेही साहाय्य दिले नाही, त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक चरीमागे तिचे नाक धावते अशी तक्रार चालवणाऱ्यांनी वारंवार केली. मला ती दिसायला अतिशय आवडते आणि लांबच्या प्रवासाला अजिबात नको वाटते.

इतिहासाबद्दलही विचारले जाते, त्याचे उत्तर थोडक्यात देतो. मूळ ए११० १९६२ ची, फायबरग्लासच्या अंगाची, इंजिन पार मागे असलेली. १९७३ साली जागतिक रॅली स्पर्धेचे उत्पादकांसाठीचे पहिले अजिंक्यपद आल्पीनने तिच्याच बळावर मिळवले. नव्या गाडीला मागे हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला धरून ठेवणारा पंख नाही, याचे एक कारण त्या जुन्या आकृतीत आहे. पंखाचे काम सपाट तळ आणि मागचा डिफ्युझर, म्हणजे तळाचा मागे वर चढत गेलेला भाग, करतात.

किंमत कशात मोजावी लागते? पुढचे आणि मागचे सामानाचे कप्पे मिळून दोनशे लिटरही भरत नाहीत. डॅशबोर्डमध्ये बंद कप्पा नाही, पाठीमागे इंजिनाचा आवाज सतत असतो. दोघांसाठी आठवड्याचे सामान न्यायचे असेल तर आधी भांडण होईल.

आणि मग शेवटचा प्रश्न येतोच : घ्यायचीच तर जास्त ताकदीची का घेऊ नये? २०१९ साली आली तेव्हा ए११० एस मध्ये २९२ अश्वशक्ती होत्या, स्प्रिंगा निम्म्याने अधिक कडक आहेत, अँटी-रोल बार दुप्पट ताठ आहेत आणि गाडी ४ मिलिमीटर खाली बसते. शून्य ते शंभरच्या वेळेत त्यामुळे एक दशांश सेकंद वाचतो. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याने ती जरूर घ्यावी, वेगवान वळणांत ती अधिक स्थिर आहे. ज्याला रोजच्या वळणदार रस्त्यावर चालवायची आहे त्याला मी साधी, २५२ अश्वशक्तीची घ्यायला सांगतो, कारण वाढलेल्या चाळीस अश्वशक्तींबरोबर आलेला कडकपणा नेमके तेच काढून घेतो ज्यासाठी डबल विशबोनचा सगळा खटाटोप केला होता.