तुम्ही विचारलंत म्हणून: बंडल की इन्स्टॉल?

‘भाऊ, स्विच बंडल मोडवर ठेवू की इन्स्टॉलवर?’ नागपुरात नेटवर्कच्या कामाला नव्याने लागलेली मुलं हे हमखास विचारतात. स्विच म्हणजे नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा, आणि हे दोन मोड म्हणजे तो आपलं सॉफ्टवेअर कसं सुरू करतो त्याच्या दोन पद्धती. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट 9000 मालिकेपुरतं माझं उत्तर ठाम आहे: इन्स्टॉल.

बंडलचा मोह मला कळतो. डॉट बिन फाइल, म्हणजे स्विचचं सगळं सॉफ्टवेअर एकाच फाइलीत, टाकली, बूटची ओळ बदलली, रीलोड मारला, झालं. पण ती अख्खी फाइल दर वेळी मेमरीत उलगडते आणि जास्त रॅम खाते. एसएमयू, म्हणजे छोटे पॅच, त्यावर चढत नाहीत. इन्स्टॉल मोडमध्ये त्याच बिनमधली पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे भाग, आधीच फ्लॅशवर (स्विचच्या कायमच्या साठवणीवर) सुटी करून ठेवलेली असतात. पॅकेजेस डॉट कॉन्फ ही यादीची फाइल वाचून स्विच ती उचलतो.

मला हे बुटीबोरीच्या एका कारखान्यात पटलं. मे महिना, तीन स्विचचा स्टॅक, म्हणजे एकत्र जोडून एकाच स्विचसारखे चालवलेले, त्यातला एक जळाला. रात्री नवा लावला, केबल जोडल्या, ‘शो स्विच’ ही कमांड मारली, तर त्याच्यापुढे ‘व्ही-मिसमॅच’. व्हर्जन वेगळं, आणि स्टॅक आम्हीच बंडलवर ठेवलेला. इन्स्टॉलवर असता आणि ऑटो-अपग्रेड चालू केलेलं असतं, तर स्टॅकनेच नव्याला आपलं सॉफ्टवेअर दिलं असतं. आम्ही पेनड्राइव्हवरून बिन चढवत बसलो, आणि पॅकिंगचे प्रिंटर पहाटेपर्यंत बंद.

आता माझा आग्रह ऐका. नवं व्हर्जन चढवताना ॲड (पॅकेजेस फ्लॅशवर आणणं), ॲक्टिव्हेट (ती चालू करणं), कमिट (बदल पक्का करणं) हे तिन्ही एका ओळीत देता येतं, पण दूरच्या साइटवर तसं करू नका. ॲड करा, मग ॲक्टिव्हेट. स्विच रीलोड होतो आणि 120 मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात अपलिंक (बाकीच्या नेटवर्ककडे जाणारी जोडणी), व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे केलेले भाग), फोन सगळं तपासा, मगच कमिट. समजा अपलिंक वर आलंच नाही आणि तुम्ही नागपुरात बसलेले आहात. कमिट न मिळाल्यामुळे वेळ संपताच स्विच आपणहून जुन्या व्हर्जनवर परततो. चंद्रपूरपर्यंत गाडी काढावी लागत नाही. बंडलमध्ये ही सोय नाही.

बिनवरून थेट बूट मी एकाच वेळी करतो: स्विच रॉममॉनमध्ये, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअर सुरू होण्याआधीच्या पायरीवर, अडकला असेल तेव्हा, यूएसबीवरून. उठला की लगेच इन्स्टॉलवर नेतो.

आणि फ्लॅश भरली म्हणून डॉट पीकेजी, म्हणजे त्या पॅकेजेसच्या, फाइली हाताने पुसू नका. त्यासाठी ‘इन्स्टॉल रिमूव्ह इनॅक्टिव्ह’ ही कमांड आहे. काय काय काढणार ते आधी दाखवतं, मग विचारतं. ती यादी वाचूनच हो म्हणा.