मुतखड्यापेक्षा स्टेंटनेच जास्त छळलं

नागपुरात मे महिन्यात कुशीतून कळ निघाली की शेजारीच निदान करून मोकळे होतात: खडा. माझ्या बाबतीत ते खरं निघालं. कळ पाठीतून सुरू व्हायची, जांघेत उतरायची, आणि कुठल्याच कुशीवर चैन पडायचं नाही. मी खोलीभर येरझारा घालतोय हे ऐकूनच डॉक्टरांना अर्धा अंदाज आला.

घरी तोवर पानफुटीची पानं आली होती, कुळथाचं कढण उकळत होतं आणि मित्र बीअरचा आग्रह धरून होते (का, ते सांगायला नको). यातल्या कशानेही कॅल्शियमचा खडा विरघळत नाही. औषधाने विरघळतो तो बहुतेक युरिक ॲसिडचा, आणि त्यालाही डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

धंतोलीतल्या युरॉलॉजिस्टने सीटी केयूबी करायला लावला. केयूबी म्हणजे किडनी, युरेटर, ब्लॅडर. रिपोर्टमध्ये होतं: उजव्या व्हीयूजेपाशी ८ मिमीचा कॅल्क्युलस (म्हणजे खडाच), सौम्य हायड्रोनेफ्रोसिस. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे दोन किडन्या, दोन नळ्या आणि खाली पिशवी काढली. ही नळी, म्हणजे युरेटर, साधारण २५ सेंमी लांब. ती तीन ठिकाणी चिंचोळी होते: किडनीतून निघताना, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. हे शेवटचं तोंड म्हणजे व्हीयूजे, तिन्हींत सर्वांत अरुंद. खडा तिथे येऊन अडला की सारखी लघवीची भावना होते. मागे लघवी तुंबून किडनी फुगते, ते हायड्रोनेफ्रोसिस.

५ मिमीच्या आतले खडे बहुधा आपोआप पडतात. माझा मोठा होता, तरी आधी टॅमसुलोसिन देऊन वाट पाहायचं ठरलं. औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याने चिठ्ठी वाचून मोठ्याने विचारलं, ‘काका, प्रोस्टेट का?’ चाळिशीही न गाठलेल्या मला! गोळी मुळात प्रोस्टेटचीच, पण ती युरेटरचा खालचा भागही सैल करते.

खडा हलला नाही. मग युआरएस, म्हणजे दुर्बीण लघवीच्या वाटेने वर नेऊन लेसरने खडा फोडणं. कुठे चिरा नाही, टाका नाही. कमरेखाली भूल असल्याने मला काही कळलंही नाही. याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते स्टेंटबद्दल. सूज येऊन नळी बंद होऊ नये म्हणून आत डीजे स्टेंट ठेवतात: बारीक, मऊ नळी, दोन्ही टोकं गोल वळलेली, एक किडनीत, दुसरं मूत्राशयात. एरवी व्हीयूजे झडपेसारखं काम करतं, लघवी वर परतू देत नाही. स्टेंटमुळे ते तोंड उघडं राहतं. त्यामुळे लघवी करताना नेमकी त्याच बाजूच्या पाठीत कळ यायची. स्कूटरवरून सीताबर्डीपर्यंत जाऊन आलो की लघवी लालसर. हे सगळं अपेक्षितच असतं, पण कोणी आधी बोललं नव्हतं, त्यामुळे दर खेपेला धसका. ताप, थंडी किंवा लघवीत रक्ताच्या गाठी आल्या तर मात्र लगेच दवाखाना.

स्टेंट काढायची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. त्रास ओसरला की लोक विसरतात. मग महिनोन्‌महिने आत राहिलेल्या स्टेंटवरच खडे चढतात आणि तो काढायला नवं ऑपरेशन लागतं. वेळेवर काढला तर भूल देणारं जेल आणि दुर्बीण, काही मिनिटांचं काम.

खड्याचा तुकडा तपासला, तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. हे कळताच आईने माझं दूध बंद केलं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू करायला लावलं: जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं. कमी करायचं ते मीठ. पाणी इतकं, की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी. आपल्या ४५ अंशांत अर्धं पाणी घामावाटेच जातं, त्यामुळे मी ग्लास मोजत नाही, लघवीचा रंग पाहतो. आईचा दुधावर अजून विश्वास बसलेला नाही.