लसणाच्या वासाचे तण

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत एप्रिल-मे महिन्यांत पायवाटेच्या कडेने चार पाकळ्यांच्या बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे दिसू लागतात, आणि पुष्कळदा ते गार्लिक मस्टर्डचे असतात. रोप इतके सोज्वळ दिसते की त्याच्यावर कोणताही आरोप करण्यास मन धजत नाही. मोहरीच्या कुळातील ही वनस्पती मूळची युरोपची आणि त्याला लागून असलेल्या आशियाई भागाची; स्वयंपाकात आणि औषधात उपयोगी म्हणून वसाहतकारांनी ती बहुधा सोबत आणली, आणि या खंडावरील तिची पहिली नोंद १८६८ साली लाँग आयलंडवर झाली.

फुलावर आलेले रोप कोणीही ओळखेल. त्याची वरची पाने त्रिकोणी व दातेरी असतात, उंची कधी कधी मीटरभर होते आणि पान चुरगळले की लसणाचा वास येतो. (हा वास बोटांना चिकटून राहतो, त्यामुळे त्यानंतर चुरगळलेले प्रत्येक पान गार्लिक मस्टर्डच वाटू लागते, म्हणून पहिली परीक्षा डोळ्यांनी घ्यावी, नाकाने नंतर.) मात्र जो केवळ फूल ओळखतो त्याने हे तण अर्धेच ओळखलेले असते, कारण त्याचे आयुष्य दोन वर्षांचे आहे आणि पहिले वर्ष ते जमिनीलगतच्या पानांच्या गुच्छात काढते. ही पाने मूत्रपिंडाच्या आकाराची, गोलसर दात्यांची आणि ठळक शिरांची असतात; रानटी व्हायोलेटच्या पानांशी त्यांची सहज गल्लत होते. परंतु हिवाळ्यात बहुतेक सारे रान वाळून गेलेले असताना हा गुच्छ हिरवाच राहतो, आणि माझ्या मते त्याला हेरण्याचा सर्वांत चांगला हंगाम तोच.

इतक्या साध्या रोपाला जंगलात राहू दिले तर काय बिघडेल, असा प्रश्न मलाही पडत असे. बिघाड मातीत होतो. या रोपाच्या मुळांतून व कुजणाऱ्या पानांतून जी द्रव्ये बाहेर पडतात, ती झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला मारक ठरतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात शुगर मॅपलसारख्या स्थानिक झाडांच्या रोपांची वाढ त्यामुळे खुंटल्याचे आढळले. वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट नावाच्या फुलपाखराची तर निव्वळ फसगत होते, कारण आपल्या नेहमीच्या वनस्पतीऐवजी मादी यावर अंडी घालते आणि त्यातून निघालेल्या अळ्या मरून जातात. हरणे या रोपाला सहसा तोंड लावत नाहीत. ती शेजारची स्थानिक रोपे खातात आणि मोकळी झालेली जागा याच्या पदरात पडते. पाने माणसाला खाण्याजोगी आहेत, म्हणून ‘खाऊनच संपवू’ असे सुचवणारेही भेटतात. एका चांगल्या वाढलेल्या रोपाला शेकड्यांनी, प्रसंगी हजारांनी बी धरते, हे त्यांना सांगावे लागते.

उपटण्याचे काम पावसानंतर, माती ओली असताना आणि शेंगा धरण्यापूर्वी करावे. जमिनीच्या अगदी खाली मुळाला इंग्रजी ‘एस’सारखे वळण असते, रोप वरून ओढले तर ते तिथेच तुटते आणि उरलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटते, म्हणून बुंध्याशी धरून सावकाश ओढावे. फुलावर आलेले रोप उपटून तिथेच टाकले तरी त्याच्यात बी पिकू शकते. त्यामुळे ते कंपोस्टमध्ये न घालता पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावे लागते. मोठ्या पट्ट्यात काही जण तणनाशक वापरतात, तेही हिवाळ्याच्या अलीकडे-पलीकडे, स्थानिक रोपे सुप्त आणि हा गुच्छ हिरवा असताना.

मातीतले बी पाच वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ उगवण्याची क्षमता टिकवते, आणि हे रोप स्वपरागणानेही बी धरत असल्याने नव्या वसाहतीला एकच रोप पुरते. म्हणूनच दाट माजलेल्या पट्ट्यावर सगळी शक्ती खर्च करण्याऐवजी जंगलाच्या स्वच्छ भागातली तुरळक रोपे आधी काढावीत, हे मला पटते. दाट पट्टा तुडवत उपटताना माती उकरली जाते आणि तिच्यातले दडलेले बी वर येते. शिवाय जुने पट्टे कालांतराने आपोआप विरळ होतात, असे मांडणारे अभ्यासकही आहेत. त्यांच्या मते जंगलाच्या बिघाडाचे खरे कारण हरणांच्या अतोनात संख्येत आणि बाहेरून आलेल्या गांडुळांत आहे. तुरळक रोपांच्या बाबतीत मात्र असा वाद संभवत नाही. ती उपटावीत, आणि निघण्यापूर्वी बुटांच्या तळव्यांतला चिखल त्याच जागी ब्रशने खरवडून टाकावा, कारण पुढच्या पायवाटेवर बी पोहोचवण्याचे काम बहुधा आपले बूटच करतात.