माऊसच्या डोळ्यानं चालणारी गाडी

सांगलीत विश्रामबागच्या आमच्या घरात जुनी शहाबादी फरशी आहे. माझी दोन चाकांची, प्रोग्रॅमवर आपोआप चालणारी छोटी खेळण्याएवढी गाडी तिच्यावर दर वेळी भलतीकडेच जायची. चाकांचे फेरे मोजून अंतर काढत होतो. पण फरशीवर जरा धूळ असली की चाक जागच्या जागी घसरतं आणि मोजणी मात्र चालूच राहते. शेवटी ठरवलं, चाकाला विचारायचंच नाही, सरळ जमिनीकडे बघायचं.

कॉम्प्युटरचा माऊसही खालच्या पृष्ठभागाकडे बघूनच चालतो, म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. "काका, वायर तुटलेले माऊस आहेत का?"

"ने की. टाकायलाच ठेवलेत."

त्यातल्या एकात एडीएनएस-२६१० ही चिप निघाली. हा खरं तर इवलासा कॅमेराच. १८ बाय १८ ठिपक्यांची चित्रं, सेकंदाला १५००. लागोपाठच्या दोन चित्रांत फरशीचा पोत किती सरकला, एवढंच तो सांगतो. इंचाला ४०० मोजण्या, म्हणजे मिलिमीटरला जवळपास १६.

आकडे यायला लागले, पण अंतर निम्मंच भरायचं. दोन वाचनांच्या मधे चिपमधला आकडा १२७ च्या पुढे जातच नाही, म्हणजे फक्त ८ मिलिमीटर! मी तो सेकंदातून दहादाच वाचत होतो, आणि तेवढ्यात गाडी दीड सेंटिमीटर पुढे गेलेली असायची. शंभरदा वाचायला लागल्यावर तो प्रश्न मिटला.

खरा घोळ उंचीचा होता. चिपखालचं भिंग फरशीपासून साधारण २.४ मिलिमीटरवर हवं. फरशीच्या सांध्यात चाक उतरलं की गाडी कलायची आणि मोजणी तुटायची. आठ दिवस मी प्रोग्रॅममध्येच चूक शोधत बसलो. मग माऊसचा तळ भिंगासकट कापून घेतला आणि रिफिलची स्प्रिंग लावून फरशीवर हलकासा दाबून ठेवला. ती उंची माऊस बनवणाऱ्यांनी आधीच साधलेली असते. आपण तळ फेकून देतो आणि पुन्हा तीच साधायला धडपडतो.

वळण मोजण्यासाठी दुसरा सेन्सर, म्हणजे अशीच आणखी एक चिप, लागेल असं वाटलं होतं, पण लागला नाही. दोन चाकांच्या मधला बिंदू आडवा सरकत नाही. त्याच्या ८ सेंटिमीटर पुढे सेन्सर बसवला, की त्याची आडवी मोजणी म्हणजेच वळण. काटकोनात वळताना आडव्या मोजण्या साधारण १९८० भरायला हव्यात. पहिल्याच वळणाला १९६२ आल्या तेव्हा मी आईला हाक मारून स्क्रीन दाखवला.

आता गाडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून देवघरापर्यंत जाते, आणि ठरलेल्या जागेपासून दोन बोटं इकडेतिकडे थांबते. पुढच्या खोलीतल्या नव्या गुळगुळीत टाइल्सवर मात्र तिला पोतच दिसत नाही. तिथं अजून अडलंय.